बारवेच्या पायऱ्यांवर मांडलेला निबंध

बारवेत पाणी आहे, एवढंच मला आधी बघायचं होतं. चुलतभावाच्या मुलीचं लग्न उद्यावर आलंय, घरी माणसं वाट बघत असतील. पण केजहून आलेल्या जीपमधून उतरले, पिशवी कोपऱ्यावरच्या दुकानात ठेवली आणि सरळ इकडं आले. पाणी वरच्या थोड्या पायऱ्या सोडून उभं आहे. हिरवं, जड, अजिबात न हलणारं. त्याच्या खाली, पार तळाशी, एक देवळी आहे आणि देवळीत शेंदूर फासलेले सात दगड आहेत. आज ते दिसत नाहीत. दिसत नाहीत म्हणून मला बरं वाटलं. जन्मभर मराठी शिकवलेल्या, कॉलेजात अंधश्रद्धेवर भाषणं ठोकलेल्या बाईला हे काही शोभत नाही, पण वाटलं ते वाटलं.

ते दगड मी एकाच उन्हाळ्यात पाहिले. आमची दहावीची परीक्षा नुकतीच झाली होती आणि पाऊस गावाला विसरून गेला होता. त्या उन्हाळ्याचे वास अजून माझ्या नाकात आहेत. सोसायटीच्या गोदामात आधी युरियाची पोती असायची, तिथं दुष्काळी मदतीची सुकडी वाटायला सुरुवात झाली होती, आणि त्या गोड सुकडीला युरियाचा उग्र दर्प यायचा. गुरांच्या छावणीकडून शेणाचा आणि उसाच्या वाळलेल्या वाढ्यांचा वास यायचा. आणि एक वास नव्हता. दरवर्षी वारा फिरला की सहकारी साखर कारखान्याच्या मळीचा आंबूस वास गावावर यायचा, आम्ही नाकाला पदर लावायचो. त्या साली वारा तिकडून आला तरी कशाचाच वास आणायचा नाही. सकाळी अंगणात उभं राहून माणसं हवा हुंगायची आणि घरात जायची.

बारव आटली तशी पायऱ्या उघड्या पडत गेल्या. आमच्या जन्मापासून पाण्याखाली असलेल्या पायऱ्या. त्यांच्यावरचं शेवाळ वाळून पापडासारखं सुटलं होतं, पाय पडला की करकर वाजायचं. पारवे खालपर्यंत घुमत जायचे. शेवटी तळाचा गाळ दिसला, आणि गाळाच्या काठाला ती देवळी. म्हाताऱ्या बायका वरूनच हात जोडायच्या आणि मागं फिरायच्या. त्या दगडांचं नाव कुणी घ्यायचं नाही, निदान दुपारी तरी नाहीच. 'त्या बाया' म्हणायचं. नाव घेतलं की त्यांना वाटतं आपल्याला बोलावलं, असं आई सांगायची.

नाव होतं आसरा. पाण्यातल्या सात आसरा, माणसाला आत ओढून नेणाऱ्या.

आणि नेमका हाच शब्द कवितेत आला.

कारखान्यानं रसग्रहणाची स्पर्धा ठेवली होती. एक कविता छापून शाळाशाळांत वाटली होती, कवीचं नाव मुद्दाम दिलं नव्हतं. तिच्यावर निबंध लिहायचा. नंबर येईल त्या मुलीला कारखान्याच्या कॉलेजात अकरावी-बारावी फुकट आणि वसतिगृहात जागा. माझ्यासाठी ती हौस होती. माझे अण्णा सोसायटीचे सेक्रेटरी, अंबाजोगाईला मामांचं घर, माझं शिक्षण कुठं अडणार नव्हतं. मथुराचं तसं नव्हतं. मथुरा माझ्या बाकावरची मैत्रीण. तिचे आईबाप दरवर्षी दिवाळीनंतर ऊस तोडायला जायचे आणि उन्हाळा लागला की परतायचे. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, त्याला मुकादम विचारत नाही. मथुराचा आतेभाऊ त्या साली अर्धा कोयता होता. त्याचा कोयता पुरा करायला मथुरा हवी होती.

"नंबर आला तर शीक," तिचा बाप म्हणाला होता. "न्हाई आला तर पावसाळ्यात हळद लावू."

माणूस वाईट नव्हता. एवढी सवलत द्यायलासुद्धा त्या घरात हिंमत लागत होती.

आम्हाला मराठी शिकवायचे ते शेख सर. केजमध्ये त्यांच्या वडिलांचा फळांचा गाडा होता, आणि सरांच्या पिशवीत कवितेच्या कागदाबरोबर एखादं डागाळलेलं मोसंबं हमखास असायचं. सुट्टीतही ते सायकलवर यायचे. निबंध लिहायला ते कधीच लगेच बसू द्यायचे नाहीत. "लिहायची कायकू घाई?" म्हणायचे. "आधी तीनदा वाचायचं. पहिल्यांदा पेन्सिल खिशात. दुसऱ्यांदा मोठ्यानं. तिसऱ्यांदा पेन्सिल घेऊन, आणि जो शब्द टोचतो त्याच्याखालीच रेघ. आवडलेल्या शब्दाखाली रेघ मारू नका, तो फसवतो. मग विचारायचं, बोलतंय कोण? कुणाशी? कुठं उभं राहून? हे तीन कळल्याशिवाय एक वाक्य लिहाल तर माझ्याशी गाठ आहे."

आज मी हेच माझ्या मुलांना सांगते. मुलं माना डोलावतात आणि गाईड विकत घेतात.

कविता एवढीच होती:

ऊन डोईवर आलं, बाई,
पायऱ्या उतरून ये.
घागर राहू दे काठावरती,
रिकाम्या हातांनी ये.
इथं कुणी नाव पुसत नाही,
ये, इथं आसरा आहे.

सरांनी वर्गात ती मोठ्यानं वाचली, आणि शेवटच्या ओळीला आम्ही सगळ्या मुली गप्प झालो. एकीनं पटकन खिडकी लावून घेतली. सरांना काही कळेना. ते तालुक्याच्या गावातले, त्यांना आसरा म्हणजे निवारा, सावली, आधार.

"काय झालं?"

"सर, त्यांचं नाव नगा घेऊ दुपारचं," मागून कुणीतरी म्हणालं.

सर हसले. मग त्यांनी फळ्यावर लिहून समजावलं, आणि समजावता समजावता त्यांचंच हसू गेलं. 'आसरा मिळाला' म्हटलं तर तो निवारा. 'आसरा मिळाली' म्हटलं तर तिथून पळ काढावा. पण कवितेत क्रियापद होतं 'आहे', आणि 'आहे'ला लिंग नसतं. तिथं निवाराही असू शकतो आणि तीही असू शकते. 

आमच्या घरी सोसायटीच्या जुन्या पावत्यांचे गठ्ठे पडलेले असायचे, पाठीमागून कोरे. त्यांचे आम्ही तुकडे केले आणि एका तुकड्यावर एक मुद्दा असं लिहायला लागलो. मांडायचे कुठं? माझ्या घरी भावंडं, तिच्या घरी जागाच नाही. मथुराच म्हणाली, बारवेच्या पायऱ्यांवर मांडू. तिथं गारवा होता आणि दुपारी तिकडं चिटपाखरू फिरकायचं नाही. प्रस्तावना सगळ्यात वरच्या पायरीवर, तिच्यावर खडा. खालच्या पायरीवर पहिला मुद्दा, त्याच्यावर खडा. असं उतरत जायचं. मुद्दा पटला नाही की कागद उचलून एक पायरी वर किंवा खाली. मला सुरुवातीला यात लई मजा वाटली. एकदा कुणाचीतरी शेळी माझी अख्खी प्रस्तावना खाऊन गेली, आणि मथुरा म्हणाली, "बरं झालं, तशी बी ती पाल्यावानीच व्हती."

कविता म्हणून पाहिली की बारव शेवटचा शब्द परत करायची. "आसरा आहे." मग खालून, जरा उशिरानं, "आहे... आहे..." पारवे उडायचे. आम्ही दोघी एकमेकींकडं न बघता पुढचा मुद्दा लिहायचो.

माझे मुद्दे सगळ्यांसारखे होते. बोलणारी ही आई आहे, किंवा धरणीमाता, उन्हात दमलेल्या लेकीला ती सावलीत बोलावते, घागर म्हणजे संसाराचा भार. गाईडात असतं तसं. मथुराचे मुद्दे वरच्या पायऱ्यांवर माझ्यासारखेच होते, पण ती जसजशी खाली उतरत गेली तसतसे ते वेगळे व्हायला लागले.

"बोलनारी वर उभी न्हाई," ती एका दुपारी म्हणाली. "वर असती तर 'उतरून जा' म्हनली असती. ही 'उतरून ये' म्हनती. ही खाली हाय."

"बरं, खाली. मग?"

"आन घागर काठावर कावून ठेवायला लावती? पान्याला आलेली बाई घागर ठेवून खाली जाती व्हय?"

 काठावर नुसतीच घागर दिसली की गावात काय समजतात हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. आमच्या लहानपणी एकदा सकाळी तशी घागर दिसली होती, आणि आईनं मला घरात ओढून दार लावून घेतलं होतं. त्या सकाळचा बायकांच्या रडण्याचा आवाज मला आठवतो. घागर कुणाची होती ते मला शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही.

मथुरानं तो मुद्दा लिहिला, खाली उतरून पायरीवर ठेवला आणि त्याच्यावर खडा ठेवला. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. अवघड गणित सुटल्यावर दिसतो तसा आनंद होता. भीती मला वाटत होती. दुसऱ्या दिवशी आलो तर तो कागद ठेवल्यापेक्षा एक पायरी खाली होता, खड्यासकट. शेळी खडा उचलून ठेवत नाही. मी म्हटलं, चल, आपण शाळेच्या ओट्यावर बसू. ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे की. बरोबर जागी हाय आता त्यो."

सगळ्या निबंधाचं सार एका वाक्यात मांडता आलं पाहिजे, नाहीतर निबंध लिहू नका, असं सरांचं सांगणं होतं. ते वाक्य मथुराला बरेच दिवस सापडत नव्हतं. मग एक दिवस मी पोचले तेव्हा ती खालच्या पायऱ्यांवर गुडघ्यात डोकं घालून बसली होती, आणि तिच्याजवळच्या कागदावर लिहिलं होतं: 'ज्या बाईला वर आसरा नसतो, ती खाली आसरा होते.'

 इतकी वर्षं मी रसग्रहणाचे पेपर तपासतेय, गठ्ठेच्या गठ्ठे, पण असं वाक्य मला पुन्हा भेटलं नाही. मलाही कधी लिहिता आलं नाही. तेव्हाही मला तिचा हेवा वाटला आणि आजही वाटतो.

शेख सरांनी बारवेवर येऊन ते वाक्य वाचलं, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं. ते पायरीवर बसले. शिकवताना कधी न बसणारा माणूस.

"बेटा, तपासणारे बाहेरचे आहेत. त्यांना तुमच्या बाया ठाऊक नाहीत. ते म्हणतील, पोरीला शब्दाचा अर्थ माहीत नाही. निवारा लिही. नंबर काढ. बाकी सगळं नंतर."

"तुमीच म्हनलते सर, बोलतंय कोन ते आदी बगा."

"म्हणालो होतो."

"मंग मला ती ऐकू आल्यावर मी तिला आई कशी म्हनू?"

सरांनी पिशवीतून मोसंबं काढलं, सोललं, अर्धं तिला दिलं आणि अर्धं मला.  मथुरानं निबंध तिला हवा तसाच लिहिला, आणि सर तो सायकलवर घालून कारखान्यावर देऊन आले. मी माझा निवाऱ्याचा निबंध दिला.

मग नुसतं थांबणं. आभाळ रोज दुपारी भरून यायचं आणि संध्याकाळी मोकळं व्हायचं. मथुराच्या घरी मुकादम येऊन चहा पिऊन गेला. तिच्या आईनं हळकुंडं आणली. मथुरा मला रोज विचारायची, "सर आले का?"

सर आले ते सायकल हातात धरून, चालत. ऊसच नाही म्हणून कारखाना या हंगामात पेटणार नव्हता. वसतिगृह बंद. स्पर्धा रद्द. निबंधांचा गठ्ठा ऑफिसात तसाच बांधलेला पडला होता, सुतळीसुद्धा सुटलेली नव्हती.

"म्हंजी वाचलाच न्हाई कुनी?" मथुरानं विचारलं.

सरांनी मान हलवली. ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती "बरं" म्हणाली आणि घरी गेली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ती मला बोलवायला आली. मुद्द्यांचे कागद बारवेत तसेच राहिलेत, उचलून आणू म्हणाली. मी वरच्या पायरीवर थांबले, ती एकेक कागद उचलत खाली गेली. वाळलेलं शेवाळ तिच्या पायाखाली करकरत होतं, मग तो आवाज थांबला. ती गाळापर्यंत पोचली होती. गाळ वरून कोरडा दिसायचा पण आत चिखल होता, आठवड्यापूर्वी तिथं एक म्हैस फसून मेली होती. मथुरा काठाकाठानं देवळीजवळ गेली आणि तिच्या तोंडाशी बसली, माझ्याकडं पाठ करून.

मी थोडा वेळ वाट पाहिली. मग हाक मारली.

माझी हाक परत आली नाही. बारवेत कधीच असं झालं नव्हतं. शिंकलं तरी खालून उत्तर यायचं. मी पुन्हा हाक मारली, "मथे! ये गं वर!" आवाज खाली जाताना ऐकू आला आणि तिथंच राहिला. पारवे एकसुद्धा उडाले नाहीत. ऊन पांढरं झालं होतं, कानात नुसतं घूं वाजत होतं. मथुरा उठून उभी राहिली, पण माझ्याकडं वळली नाही. देवळीकडं तोंड करून उभी राहिली, कुणाचं तरी बोलणं ऐकावं तशी मान कलती करून. मग तिनं एक पाय गाळात टाकला.

मला खाली उतरता येईना.  मी तिथंच बसून रडत रडत हाका मारत सुटले. किती वेळ ते आठवत नाही, घसा बसला एवढं आठवतं. शेवटी ती वळली आणि सावकाश एकेक पायरी चढून वर आली. पोटरीपर्यंत गाळ लागला होता. हातात एकही कागद नव्हता.

"चल," ती म्हणाली. "भूक लागली."

पावसाळ्यात तिला हळद लागली. दिवाळीनंतर, तांबारलेल्या एका पहाटे, दूरच्या कारखान्याला जाणारा ट्रक गावातून निघाला. भांडी, कोंबड्या, बाचकी, आणि पोत्यात गुंडाळलेले कोयते. मथुरा बाचक्यांवर बसली होती. तिनं हात केला, मीही केला. मी तेव्हा मामांकडून दिवाळीला आलेले होते, माझ्या अंगावर नवीन स्वेटर होता.

नंतर गावाला आले की आम्ही भेटायचो, पोराबाळांचं बोलायचो. त्या दुपारचं कधीच नाही. मी तरी विचारलं नाही, आणि तिनंही विषय काढला नाही.

"घर सोडून आदी हितंच कावून गं?"

मागून आवाज आला तशी मी दचकले. मथुराच होती. केस पांढरे, डाव्या हाताच्या एका बोटाचं पेर नाही, ते उसात गेलं. तोडीला जाणं तिनं कधीच सोडलंय, शेळ्या आहेत, गावातल्या बायकांचा बचत गट तीच चालवते. मुलगी बीडला नर्सिंग शिकते. "तिला कोयता हातात धरू दिला न्हाई," हे ती दर भेटीत सांगते आणि दर वेळी मला नव्यानं बरं वाटतं. ती माझ्याशेजारी पायरीवर बसली. आमच्या समोर ते हिरवं पाणी होतं.

आणि मी विचारलं. इतक्या वर्षांनी, काही न ठरवता.

"मथे, त्या दिवशी खाली उभी राहून इतका वेळ काय करत होतीस?"

तिला कुठला दिवस ते सांगावं लागलं नाही.

"ऐकत व्हते."

"काय?"

"तुज्या हाका."

"मग लगेच वर का नाही आलीस? माझा जीव चालला होता इथं."

"कोनती हाक खरी ते कळंना." ती पाण्याकडं बघत होती. "वरनं बी 'मथे, ये' म्हनत व्हतीस आन देवळीतनं बी. दोन्हीकडनं तुजाच आवाज. लकबीसकट तुजाच."

 पाणी तसंच होतं, न हलणारं.

"मग?" मी म्हटलं.

"मंग काय. खालची लई मायेनं बोलवत व्हती. वरची भेली व्हती, रडत व्हती. म्हनलं, जी भेलीय ती जिती हाय. आन आले वर."